दिवाबत्तीच्या वेळेचा पासवर्ड

आमचे हे नागपूरच्या दवाखान्यात होते तेव्हा तिथून मला फोनवर आवाजाचे निरोप पाठवायचे. गोड काही नाही. टाकीचा नळ बंद कर, सडके टमाटे आणू नको. ते गेल्यावर मुलाने ते सगळे निरोप माझ्या फोनवरच्या खात्यात ठेवून दिले. मी रोज ऐकायची.

खात्याचा पासवर्ड ह्यांचं नाव होता. तोंडाने कधी घेतलं नाही, टाइप करायला बरं वाटायचं. पण कोणीतरी ते ओळखलं आणि माझ्या नावाने नात्यात घाण फोटो गेले. गढ्याला राहणाऱ्या जाऊबाईंचा फोन आला, "काहून गं, या वयात हे काय करून राहिली?"

मुलाने नवा पासवर्ड लावला. अक्षरं, आकडे, खुणा, नुसता काला.

"मशीनने बनवला आहे, आई. इसका कोई मतलब नहीं, म्हणूनच पक्का. कुठे लिहू नको."

"मतलब नाही तर लक्षात कसा राहील?"

"रट लो."

मी चौथीपर्यंत शिकले. पाढे असेच पाठ केले होते. संध्याकाळी देवापाशी दिवा लावून शुभंकरोती म्हटली की मागोमाग तो म्हणायची. चांगला बसला होता.

मग जाऊबाई गेल्या. सुतक लागलं. दिवा नाही, शुभंकरोती नाही, म्हणून तोही नाही. त्याच दिवसांत फोन बादलीत पडून मेला. सुतक फिटल्यावर मी दिवा लावला, शुभंकरोती म्हटली आणि पुढे तोंड उघडंच राहिलं. सुरुवातीची दोन-तीन अक्षरं आली. बाकी गेलं.

नवा फोन पासवर्ड मागतो. विसरला म्हटलं तर ह्यांच्या नंबरवर ओटीपी पाठवतो, खातं त्यांनीच काढून दिलं होतं. तो नंबर कधीच बंद झाला. मुलानेही तो कुठे लिहून ठेवला नव्हता. त्याने सगळं करून पाहिलं. मी दिवा विझवून पुन्हा लावते, पुन्हा म्हणते. भर दुपारीसुद्धा. काही होत नाही.

काल मुलगा वैतागला. "छोड़ो न आई. बाबांचा आवाज आपल्याला आठवतो ना?"

"तुला आठवतो? मग काढून दाखव."

तो खाकरला. जड आवाजात म्हणाला, "अगं, नळ बंद कर."

"चूप बस," मी म्हटलं. "असा नव्हता."

"मग कसा होता?"

मी उठून दिवा विझवला, पुन्हा लावला आणि शुभंकरोती म्हणायला लागले.