ढगमामांची लाल चिठ्ठी

मामी डबा घेऊन हवामानखोलीच्या दाराशी पोचल्या आणि आतलं भांडण ऐकून तिथंच खिळल्या.

“लढाऊ विमान आहे, मामा! वाळत घातलेली चादर नाही, ढग दिसला की आत घ्यायला!” विमानांच्या तुकडीचे मोठे साहेब कडाडले.

“चादर भिजली तर वाळते, साहेब,” मामा म्हणाले.

अख्खा हवाई तळ त्यांना ढगमामा म्हणायचा. शिक्षण बेताचं, पण आभाळ तोंडपाठ. त्यांनी हिरवी चिठ्ठी दिली तर उड्डाण, लाल दिली तर विमानं जागेवर. नव्या विमानांचं एक दुखणं होतं. वीज पडली तरी इंधनाच्या टाकीत भडका उडू नये म्हणून केलेली सोय कच्ची निघाली होती. दुरुस्ती होईपर्यंत हुकूम होता, चाळीस किलोमीटरच्या आत वीज असेल तर उडायचं नाही. एवढं महागडं विमान आणि नखरे जावयाचे!

त्या दिवशी डोक्यावर लख्ख ऊन. रडार म्हणत होतं, वीज साठ किलोमीटरवर. पण मामांचा जुना ट्रान्झिस्टर, काटा मुद्दाम दोन स्टेशनांच्या मधे ठेवलेला, मिनिटाला चौदा वेळा करकरत होता. दूर कुठं वीज चमकली की तो करकरायचा. वीस वर्षं ते ही करकर वहीत टिपत आले होते. दहाच्या वर गेली की वीज चाळिसाच्या आत, हे कधी चुकलं नव्हतं.

“रेडिओच्या खरखरीवर माझी विमानं अडवणार? उद्याच बदली करतो. तळावरचं घर खाली करा!”

मामींच्या लेकीचं बाळंतपण त्याच घरात व्हायचं होतं. मामांचं पेन क्षणभर थांबलं, मग लाल चिठ्ठीवर सही झाली.

“खुशाल करा. चिठ्ठी लालच.”

साहेब दार आपटून गेले.

“गेलं आपलं घर,” मामी आत येत म्हणाल्या.

“डबा तर आलाय ना?” मामांनी झाकण उघडलं.

तासाभरात पश्चिमेकडून काळोख धावून आला आणि धावपट्टीच्या टोकाचा खांब विजेनं उभा चिरला. विमानं उडाली असती, तर नेमकी तेव्हाच उतरायला आली असती.

त्या दिवशी उडणार होते ते दोघे वैमानिक भिजत धावत आले आणि त्यांनी मामांना खांद्यावरच घेतलं.

“अरे, जपून! त्यांची पाठ धरते!” मामी ओरडल्या, पण हसू आवरेना.

शेवटी साहेब आले, टोपी हातात घेऊन.

“आणि बदली?” मामींनी विचारलंच.

“झाली, मामी. ट्रान्झिस्टरची. उद्यापासून रडारच्या शेजारी बसेल.”

पुढे विमानं दुरुस्त झाली, ती अट उठली. मामांची वही मात्र नव्या लोकांना शिकवू लागले.

निवृत्तीच्या दिवशी निरोपाची भाषणं खोळंबली होती. मामा आधी गच्चीवर गेले, आभाळ पाहिलं, ट्रान्झिस्टरला कान लावला. मग हिरव्या चिठ्ठीवर शेवटची सही केली, ती खिशात घालून सायकलवर टांग टाकली आणि नियंत्रण मनोऱ्यात देऊन आले.