खोडलेली गल्ली

तालुका कचेरीत मी कारकून होतो, तेव्हा दरवर्षी पावसाआधी एक यादी करायची असे: पूर आला तर कुठली वस्ती बुडेल. नाव लागलं की त्या बांधावर वाळूची पोती पडत आणि पाणी चढायच्या आत माणसं शाळेत हलवली जात. नाव नसलं तर देव बघून घेईल. तमिळ मुलखातल्या तिरुवैयारूकडची नदीकाठची गावं माझ्याकडे होती.

बाजार खुला झाल्याची ती वर्षं. एसटीडीचे बूथ आले, केबल आली, भाताच्या शेतांवर प्लॉट पडले. घरं बांधायची तर वाळू हवी. लॉऱ्या थेट नदीत उतरायच्या, आणि त्यांना वाट हवी म्हणून बांध खणले जायचे. माझी अक्का, म्हणजे थोरली बहीण, राहायची त्या गल्लीमागचा बांधही असाच खणलेला. मी मोपेडवरून जाऊन पाहिला. कमरेइतकाही उरला नव्हता, माती हातात भुसभुशीत लागली. मी गल्लीचं नाव यादीत घातलं.

शेजारच्या टेबलावरचा कारकून ते वाचून म्हणाला, "काय हो, बहिणीच्या दारात पोती टाकून घेताय?" थट्टाच केली त्याने. पण मी पडलो नाकासमोर चालणारा, कुणाचा फुकट चहा न घेणारा. अंगाचा तिळपापड झाला. त्यातच तहसीलदार म्हणाले, यादी लांबली, एक वस्ती कमी करा. मी अक्काची गल्ली खोडली. खोडताना छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू.

आमच्याकडे मोठा पाऊस दिवाळीच्या सुमाराला येतो; त्या वर्षी दिवाळीनंतर लागला तो चार दिवस हटेना. मी यादीतल्या वस्त्या हलवत होतो. अक्काची आठवण येत होती, पण यादी सोडून बहिणीकडे धावलो तर लोक काय म्हणतील, हेच डोक्यात. चौथ्या दिवशी दुपारी तिथला बांध फुटल्याचा निरोप आला.

गेलो तर अक्का देवळाच्या ओट्यावर बसलेली, भोवती सगळी गल्ली, ओलीचिंब. शेजारची आंधळी म्हातारी तेवढी नव्हती. अक्काच तिला रोज जेवण नेऊन द्यायची. पाण्याने घराची भिंत पडली आणि म्हातारी तिच्याखाली सापडून मेली.

अक्का लोकांशी तमिळमध्ये बोलत होती. मला पाहून आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या टिकलेल्या मराठीवर आली; गल्लीत ती दुसऱ्या कुणाला कळत नाही. "सकाळीच निघत होते रे सगळे. म्हातारीला उचलायला दोघं तयार होते. मीच म्हटलं, बसा घरात. यादी माझा भाऊ करतो. धोका असता तर आपली गल्ली सोडली असती का त्याने?"

मी तिला खोडल्याचं सांगितलं. तेही मराठीतच. तमिळमध्ये सांगायची छाती झाली नाही, कारण ते सगळ्यांना कळलं असतं. अक्काने ऐकून घेतलं, "बरं" म्हणाली आणि लोकांकडे वळली. त्यांना तिने काही सांगितलं नाही.

गल्लीला ते आजही माहीत नाही. दिवाळीला जातो तेव्हा ते मला मानाने बसवतात, "यंदा कसं काय, पाणी येईल का?" म्हणून विचारतात. मी तोंड उघडायच्या आत अक्का उठते, छत्री न घेताच मागच्या बांधावर जाते, माती दाबून बघते आणि येऊन त्यांना स्वतः सांगते.