जाहिरातीबी घ्या

मंगळवार पेठेतल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात माझ्याआधी एक सत्तरीतले गृहस्थ बसले होते. गडमुडशिंगी गावाहून जुना कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून आणलेला. त्यातले सगळे ईमेल त्यांना नव्या लॅपटॉपवर घ्यायचे होते. दुकानदार काही करायला लागला, की त्यांचा हात जुन्या डब्यावर जायचा, आजारी म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा.

"ह्यात निम्म्याच्या वर जाहिराती हायत," दुकानदार म्हणाला. "बुटाच्या, विम्याच्या. टाकू काढून?"

"नको. त्याबी घ्या."

मी कधीचा ताटकळलो होतो. वैतागून म्हणालो, "अहो पावणं, कचरा कशाला नेताय बरोबर?"

ते रागावले नाहीत. शर्टाच्या टोकानं चष्मा पुसत राहिले.

"गुळाची अडत होती तवा व्यापारी लिवायचे. आता कोण न्हाय लिवत. ह्या बूटवाल्याचं मातर रोज येतंय, आन् वरच माझं नाव घालतोय. मला नावानं हाक मारणारी समदी गेली की. हायत ती आजोबा म्हणत्यात."

दुकानदारानं जाहिरातींसकट सगळं घेतलं.

संध्याकाळी लॅपटॉपची पिशवी छातीशी धरून ते निघाले. जुना डबा दुकानातच ठेवला. खुर्चीवर त्यांची चादर राहिलेली दिसली, तशी ती उचलून मी रस्त्यावर धावलो.

"ओ पावणं!"

दोघातिघांनी वळून पाहिलं. ते मात्र चालतच राहिले.