तुलनेचं गाव

अर्थशास्त्रात एम.ए. झाल्यावर शहागंजातल्या आमच्या कापडाच्या दुकानात बसायची माझी इच्छा नव्हती. म्हणून मी एका अभ्यासासाठी मुलाखती घ्यायचं काम धरलं. गरीब घरांना शेळ्या दिल्या तर त्यांच्या खाण्यापिण्यात फरक पडतो का, ते पाहायचं होतं. वैजापूरकडची दोन गावं निवडली होती. चिठ्ठ्या टाकल्या. एका गावाला शेळ्या मिळाल्या आणि दुसऱ्याला फक्त आमचे प्रश्न.

दिल्लीहून आलेले साहेब या दुसऱ्या गावाला तुलनेचं गाव म्हणत. गावात मात्र हे बोलायचं नाही, अशी त्यांची ताकीद होती. कळलं तर बाया खरी उत्तरं देणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

त्या गावातल्या एका बाईकडे मी जायचे. नवरा वाळूजला कंत्राटी कामावर, घरात सासू आणि तीन लेकरं. काल रात्री काय शिजवलं, शेवटी कोण जेवलं, कुणाला कमी पडलं, हे मी सासूसमोर विचारायचे. ती खाली मान घालून सांगायची. आणि वर माझ्या चहाला शेजारून दूध मागून आणायची.

दुसऱ्या खेपेला मी विचारलं, धाकट्याला दूध देता का? ती हसली.

"शेळी आली की दीन की. आमच्या गावाचा नंबर कवा हाय, ताई?"

मी पेन बंद केलं. नंबर नाहीच, म्हणून सांगितलं. शेळ्या मिळालेल्या गावाचं किती भलं झालं ते कळावं, म्हणून तुमचं गाव तसंच ठेवायचंय.

ती म्हणाली, "म्हंजी आमी उपाशी ऱ्हायलो, तरच तुमचं काम हुतंय?"

"हो," मी म्हटलं.

तिनं ते घरोघर सांगितलं. पुढच्या खेपेला साहेब स्वतः आले, तेव्हा बाया मारुतीच्या पारावर येऊन बसल्या होत्या. एकही उत्तर द्यायला तयार नव्हती. ही बाई उठून मला म्हणाली, "यांना सांग, आमच्या चुलीत डोकवायचं आता बास."

मी शब्द न् शब्द साहेबांना सांगितला. गाडीत बसल्यावर ते म्हणाले, मी सगळा अभ्यास नासवला. मी विचारलं, अभ्यास संपल्यावर तरी यांना शेळ्या द्या, त्यानं काय नासेल? तशी तरतूद नाही, म्हणाले. खिडकीबाहेर बघत, अगदी शांतपणे. त्यांच्या त्या शांतपणाची चीड मला आजही येते. वैजापूर यायच्या आत माझं काम गेलं होतं.

त्या गावाच्या जागी त्यांनी तुलनेसाठी तिसरंच गाव घेतलं. मला ते कळलं तेव्हा मी त्या बाईला निरोप धाडला आणि आम्ही दोघी एस.टी.नं तिथं गेलो. बाया जमवल्या, जे घडलं ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग एक म्हातारी आम्हालाच समजावू लागली, की तुमचा कायतरी गैरसमज झालाय; आमाला तर साहेबांनी सोता सांगितलंय, पुढच्या साली शेळ्या येणार.