‘छान’ म्हणायला बंदी

आमच्या सर्कलमधली दोन माणसं नाशकात सीबीएसच्या बसस्टँडवर भेटली की बस यायच्या आत एक तरी किस्सा होतोच. सिनेमाचं नाव कुणाला आठवत नाही, गोष्टही अर्धीच आठवते. पण त्या दिवशी कोण काय बोललं होतं, ते मात्र दोघांनाही पाठ असतं. दरवेळी थोडा मीठमसाला वाढतो, एवढंच.

सर्कल म्हणजे रविवारी सकाळी एका शाळेच्या हॉलमध्ये जमणारी पंधरा-वीस माणसं. खिडक्यांना घोंगड्या लावायच्या, समोर धुतलेलं धोतर ताणून बांधायचं आणि मुंबईहून आलेला, विचार करायला लावणारा एखादा सिनेमा बघायचा. सगळं चालवायचे गायकवाड मास्तर. त्यांच्या शेजारच्या गल्लीत मी राहायचो. अंबडच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये लेथ मशीनवर होतो. मास्तरांनी एकदा घोंगड्या बांधायला हाक मारली आणि मी तिथलाच झालो.

*

पहिल्या रविवारी सिनेमा संपला, उजेड झाला आणि सगळे म्हणाले, “छान होता.” मग चपला शोधायला लागले.

मास्तर दारात आडवे उभे राहिले. म्हणाले, “छान म्हणायला भजी पुरतात. त्यासाठी मुंबईहून सिनेमा कशाला आणायचा?”

तेव्हापासून नियम झाला. ओळीनं प्रत्येकानं उठायचं, काय आवडलं किंवा काय आवडलं नाही ते एका वाक्यात सांगायचं. ‘छान’ म्हणायला बंदी. सगळ्यांचं झाल्याशिवाय दार उघडायचं नाही.

बँकेत क्लार्क असलेल्या निकमांनी हात वर केला. “आवडलं नाही, असं म्हटलं तर चालेल?”

“चालेल की.”

“मग मला हा नियम आवडला नाही.”

मास्तरांनी त्यांना पहिल्या खुर्चीवर बसवलं. ती खुर्ची कायमची त्यांची झाली.

*

प्रोजेक्टर चालवायला सलीमभाई यायचे. एकदा एका सिनेमात दुसऱ्या रिळात आई वारली. पोरानं अग्नी दिला, रडारड झाली. तिसऱ्या रिळात तीच आई अंगणात पापड वाळत घालत होती! हॉलमध्ये कुणी चकार शब्द काढला नाही. असल्या सिनेमात समजलं नाही तर गप्प बसायचं, हे एव्हाना सगळे शिकले होते.

निकम त्या दिवशी इतके सुंदर बोलले की मास्तरांनीही एका वाक्याची अट सोडली. आई गेली तरी पोराच्या अंगणातून ती जात नाही, पापड म्हणजे तिची माया, वगैरे. मागच्या बाजूला दोघांनी डोळे पुसले.

मग सलीमभाई रिळाचा डबा पोटाशी धरून पुढं आले. “माफ करना मास्तरजी, डबे बदल गये थे. बाईला मीच जिवंत केलं.”

मास्तरांनी ती दोन रिळं पुन्हा नीट क्रमानं दाखवायला लावली. आई आधी पापड घालून मग वारली. निकम शेवटपर्यंत तोंड पाडून बसले होते. त्यांचं वाक्य आलं, “सलीमभाईंचा सिनेमा जास्त अर्थपूर्ण होता.”

*

लीलाताई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. रविवारी सकाळी घरातून निघायचं म्हणजे सासूबाईंशी ठरलेलं युद्ध. सून नक्की बघते तरी काय, म्हणून एकदा सासूबाई स्वतःच आल्या. सायखेड्याच्या, नऊवारी, तोंडात मिश्री. नेमका त्या दिवशीचा सिनेमा सासूच्या जाचाचा. लीलाताईंनी तिकडे बघायचंच टाळलं.

पाळी आली तेव्हा सासूबाई बसल्या जागेवरूनच बोलल्या, “सासू काय चुकली नाय. पोरीनं मात्र काम चांगलं केलं.”

सगळे हसले, त्याही हसल्या. पुढच्या रविवारी लीलाताई भीत भीत स्वयंपाकाला लागल्या, तर सासूबाईंनी हातातलं लाटणं काढून घेतलं. म्हणाल्या, “तू जा. पोळ्या मी लाटते. पण तसला सिनेमा असंल तर मला नको नेऊ.”

*

एका शनिवारी मी एकटाच मारामारीच्या हिंदी सिनेमाला गेलो. सर्कलमध्ये कळू नये म्हणून लांबच्या टॉकीजला, मॅटिनीला. इंटरव्हलला दिवे लागले आणि पुढच्या ओळीत निकम. ते मला बघून दचकले, मी त्यांना. दोघं समोसे घ्यायला बाहेर आलो, तर रांगेत गायकवाड मास्तर!

थोडा वेळ तिघंही समोशांकडे बघत राहिलो. मग मास्तरच सावरले आणि त्यांनी निकमांना विचारलं, कसा वाटतोय.

निकम म्हणाले, “मास्तर, नियम मोडू का?”

मास्तरांनी इकडे तिकडे बघितलं. “आज मोडा.”

“छान आहे.”

“आहेच,” मास्तर म्हणाले आणि तिघांचे समोसे त्यांनीच घेतले.

*

आता माझं. मी कधी बोललोच नाही. आठवीत शाळा सुटली होती. माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, मनमाडला मालधक्क्यावर हमाल होते. त्यांची कंबर गेली आणि महिन्याभरात त्यांनी मला नाशकात मामाच्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये आणून सोडलं. त्याबद्दल आमच्यात कधी शब्द झाला नाही. न त्यांनी काढला, न मी.

सिनेमा बघताना माझ्या डोक्यात पुष्कळ यायचं. एखादी बाई नुसती उंबऱ्यात बसलेली दाखवली तरी आठवडाभर लेथवर तेच डोक्यात फिरत राहायचं. मला वाटायचं, चांगला सिनेमा हाच. पडदा गुंडाळून ठेवला तरी आपल्यात चालू राहतो तो. पण हे उभं राहून सांगायचं धाडस व्हायचं नाही. बी.ए., एम.ए. झालेली माणसं बसलेली. माझी पाळी जवळ आली की मी चहाचे कप गोळा करायला उठायचो. मास्तरांना कळायचं, ते पुढच्याला खूण करायचे.

एकदा निकमांनी पकडलंच. खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना म्हणाले, “ह्याचं बरं आहे. सर्कलमध्ये हा एकटाच अजून चुकलेला नाही.”

*

आण्णा तोवर नाशकात माझ्याकडेच राहायला आले होते. रविवारी मी कुठं जातो, असं त्यांनी एकदा विचारलं आणि मी त्यांना घेऊन गेलो. शेवटून दुसऱ्या खुर्चीवर मी, शेवटच्या खुर्चीवर ते. त्यांच्या कंबरेला भिंतीचा आधार मिळावा म्हणून.

सिनेमा कशाचा आहे, हे मला ठाऊक नव्हतं. सुरुवातीला एक हुशार पोरगा वर्गात कविता म्हणून दाखवतो. मग त्याचा बाप त्याला शाळेतून काढतो आणि बैलगाडीत घालून शहरातल्या एका गॅरेजवर सोडून येतो. जाताना वाटेत पोरगा दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचत राहतो. बाप मागं वळून बघत नाही. पुढचा सिनेमा त्या पोराचा. बाप परत दिसतच नाही.

मी आण्णांकडे बघितलं नाही. अंधारात त्यांचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

दिवे लागले. निकम नेहमीप्रमाणे पहिले. त्यांना बिचाऱ्यांना आमच्या घरचं काही माहीत नव्हतं. ते तावातावानं म्हणाले, असल्या बापाला बाप म्हणवून घ्यायचा अधिकार नाही. त्यांच्या मागच्यानं दगडाच्या काळजाचा म्हटलं. लीलाताई म्हणाल्या की, त्यानं पोराला एकदा विचारायला तरी पाहिजे होतं. एकेक जण उठत होता आणि बाप आणखी वाईट होत होता. ओळ आमच्याकडे सरकत होती.

मास्तरांना सगळं माहीत होतं. ते मध्येच घड्याळाकडे बघून म्हणाले, “आज उशीर झालाय. इथंच थांबू.” दार उघडायलाही निघाले.

मागून आण्णांचा आवाज आला. “ऱ्हाऊ द्या मास्तर. समद्यांचं होऊ द्या.”

मास्तर परत येऊन बसले. चहाचे कप पुढं टेबलावर तसेच पडले होते. उठून ते गोळा केले असते, तर पाळी थेट आण्णांवर गेली असती, आणि त्यांच्या आधी सगळ्यांनी बोललेलं तेवढंच हॉलमध्ये राहिलं असतं. मी उभा राहिलो. समोरच्या सगळ्या माना वळल्या.

“मला तो बाप आवडला,” मी म्हणालो आणि बसलो.

निकम काही विचारायला गेले होते, पण मास्तरांनी त्यांना हातानंच थांबवलं.

मग आण्णा उठले. कंबरेमुळं त्यांना वेळ लागला. पुढच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून ते उभे राहिले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. समोर ताणलेल्या पांढऱ्या धोतराकडे बघत म्हणाले,

“मला नाय आवडला.”