बायकोची बोलणी

करोल बागेतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टरच्या आधी एक पोरगी आपली सगळी माहिती विचारून घेते. तिचं नाव मी विचारलं नाही. केसांत पेन खोचलेलं, आणि मी ठार बहिरा असल्यासारखी ओरडत होती.

"अंकलजी, शुगर है? बीपी? पहले कौनसी आँख का ऑपरेशन हुआ?"

मी सवयीनं शेजारच्या खुर्चीकडे बघितलं. रिकामी. माझ्या दुखण्यांची उत्तरं कायम बायको द्यायची. ती गेली, उत्तरंही घेऊन गेली.

"मालूम नहीं."

"बिना हिस्ट्री के दूसरी आँख का ऑपरेशन नहीं होगा!" पोरीनं पेन काढून डोकं खाजवलं. "अच्छा, आंटीजी डाँटती किस बात पे थीं?"

हे मला तोंडपाठ होतं. चहात साखर घातली की, लोणचं खाल्लं की, उजव्या कुशीवर झोपलो की.

"बस! शुगर, बीपी, दायीं आँख." तिनं टॉर्च मारून बघितलं, तर ऑपरेशन झालेला डोळा खरंच उजवाच निघाला.

मग तिनं डाव्या डोळ्यात थेंब टाकले. झोंबले म्हणून मी चोळला.

"अंकलजी! हाथ नीचे!"

सगळा दवाखाना वळून बघायला लागला. मला मात्र बरं वाटलं. बायको गेल्यापासून माझ्यावर असं रागानं कोणी ओरडलंच नव्हतं.

पोरगी बघतेय याची खात्री केली, आणि पुन्हा चोळला.