मुठीत उरलेली माती

अब्राहामबुवा पारखे आयुष्यात दोनच गोष्टी मन लावून शिकले. एक म्हणजे एसटीचं टायर खोलणं आणि दुसरी म्हणजे कीर्तन उभं करणं. श्रीरामपूरच्या डेपोत त्यांनी एकतीस वर्षं टायर खोलले आणि सुट्टीच्या दिवशी आसपासच्या गावांतून ख्रिस्ती कीर्तनं केली. पांढरं धोतर, खांद्यावर उपरणं, हातात झांज, मागं पेटी-तबला. परक्या माणसानं लांबून पाहिलं तर मारुतीच्या देवळात सप्ताह बसलाय असंच वाटावं. जवळ आल्यावर कळायचं, की बुवा नोहाचं तारू पाण्यावर सोडताहेत.

सृष्टीची उत्पत्ती हे त्यांचं हुकमी आख्यान. देवाला ज्याला सहा दिवस लागले ते बुवा अडीच तासांत उरकायचे, आणि तेही मधे चहा घेऊन. सूर्य जर चौथ्या दिवशी झाला, तर आधीचे तीन दिवस मोजले कशानं, असा प्रश्न ते स्वतःच काढायचे आणि स्वतःच उत्तर द्यायचे. "देवाला घड्याळ कशाला लागतंय? तो काय आमचा डेपो मॅनेजर हाय व्हय?" मंडळी खो खो हसायची. उत्पत्ती खरोखर सहा दिवसांत झाली की सहा युगांत, याची चिंता बुवांनी कधी केली नाही आणि ऐकणाऱ्यांनीही नाही.

पण सहाव्या दिवसाच्या संध्याकाळी बुवांचा आवाज उतरायचा. देवानं मातीचा माणूस घडवला, नाकात श्वास फुंकला, माणूस उठून बसला. पण देवाच्या तळहाताच्या रेषांत थोडी ओली माती उरली होती. उजाडणारा सातवा दिवस विसाव्याचा. ती माती झटकून टाकायला देवाचं मन होईना, म्हणून त्यानं मूठ मिटली. जी लेकरं आईच्या पोटातून न रडता येतात, ज्यांच्यात श्वास फुंकायचा राहून जातो, ती त्या मातीची. "सातव्या दिवशी देव इसावला," बुवा अगदी हळू म्हणायचे, "पर त्यानं मूठ उघडली न्हाई. आजून उघडल्याली न्हाई." बायकांच्या बाजूनं हुंदके ऐकू यायचे आणि मग भजन सुरू व्हायचं.

हे शास्त्रात, म्हणजे बायबलात, कुठंच नाही, हे बुवांना पक्कं ठाऊक होतं. ठाऊक नसायला काय झालं? ते त्यांनीच रचलं होतं.

बेचाळीस वर्षांपूर्वी त्यांची पहिली मुलगी न रडताच जन्मली होती. बाप्तिस्मा न झालेलं मूल कबरस्तानाच्या भिंतीआत नको, असं तेव्हाच्या पंचांनी ठरवलं. बुवांनी लेकीला टॉवेलात गुंडाळून भिंतीबाहेर नेलं, स्वतःच्या हातानं खड्डा केला आणि परत निघाले. घरी त्यांची बायको दया बाजेवर पडून वाट पाहत होती. तिच्यापुढं रिकाम्या हातानं जायचं कसं, तेच त्यांना कळेना. पाटाच्या पुलावर ते थांबले आणि तिथं त्यांना ती मूठ सुचली. सुचली कसली, त्यांनी ती ओढून आणली, कारण तिच्याशिवाय घरात पाऊल टाकणं जमणार नव्हतं. दयाला त्यांनी ते तसंच सांगितलं. त्यानंतर त्या लेकीचा विषय दोघांत कधी निघाला नाही.

तीन महिन्यांनी शेजारच्या वस्तीवर कीर्तन होतं. तिथल्या झुंबरबाईचं मूल त्याच आठवड्यात असंच गेलं होतं आणि तिनं अन्न सोडलं होतं. बुवांनी तिच्याकडं एकदा पाहिलं आणि ती मूठ आख्यानात घातली. कीर्तन संपल्यावर झुंबरबाई भाकरी खायला बसली. बस, तेव्हापासून ती मूठ आख्यानातून निघालीच नाही.

गेल्या जूनमध्ये इथल्या चर्चच्या मंडळीला नवे पाळक आले, मार्क त्यांचं नाव. वय तिशीचं, माणूस सरळ आणि कष्टाळू. कुणी आजारी पडलं की स्कूटर काढून आधी पोचणार. पण उत्पत्तीच्या बाबतीत त्यांचं मत कडक होतं. सहा दिवस म्हणजे चोवीस तासांचे सहा दिवस. जसं लिहिलंय तसंच घडलं, आणि जे लिहिलेलं नाही ते घडलं असं म्हणायचा आपल्याला अधिकार नाही. नाताळ झाल्यावर त्यांनी नेम लावून दिला, की प्रत्येक घरानं वर्षभरात सगळं शास्त्र वाचून काढायचं. एक जानेवारीपासून सुरुवात, पहिल्या अध्यायापासून.

झुंबरबाईला अक्षरओळख नाही. तिच्या घरी प्रार्थना नावाची नात शास्त्र वाचायची आणि म्हातारी डोळे मिटून ऐकायची. सहावा दिवस आला, माणूस घडला, श्वास फुंकला आणि प्रार्थना वाचत वाचत पुढं एदेन बागेत शिरली.

"आगं, मधलं गाळलंस," म्हातारी म्हणाली.

प्रार्थनानं पुन्हा वाचलं. पुन्हा तेच. म्हातारी खवळली. नातीनं शेजारून दुसरं पुस्तक आणून वाचलं, त्यातही मूठ नव्हती. तेव्हा झुंबरबाईनं ताडलं, की हल्ली छापतात त्या पुस्तकांतून ते पान गळलेलं आहे. तिनं नातीला बुवांकडं पिटाळलं.

"आज्जी म्हणती, तुमचं जुनं शास्त्र घिऊन या," प्रार्थना दारात उभी राहून सांगत होती. "रविवारी उपासनेत ती पाळकसाहेबांना सगळ्यांम्होरं इचारनार हाय, आमच्या पुस्तकातलं पान कुठं गेलं म्हणून."

पोरगी चहा पिऊन गेली तरी ते उंबऱ्यातच बसून राहिले. रविवारी काय होणार ते त्यांना लख्ख दिसत होतं. झुंबरबाई उठणार, विचारणार. पाळकसाहेब खोटं बोलणारे नव्हेत. ते सगळ्या मंडळीसमोर शांतपणे सांगणार, की आजी, असं कुठंच लिहिलेलं नाही. आणि बेचाळीस वर्षं देवाच्या मुठीत ठेवलेलं लेकरू त्या बाईच्या हातून भर चर्चमध्ये निसटणार.

आपली अब्रू जाईल याचीही भीती होती, खोटं कशाला बोला. पण त्याहून मोठी भीती तिसऱ्याच गोष्टीची होती. शास्त्राच्या अगदी शेवटच्या पानावर ताकीद आहे, की यात जो आपल्या पदरचं घालील त्याच्यावर पीडा येतील. इतकी वर्षं बुवा ती ताकीद दुसऱ्या कुणासाठी असल्यासारखी वाचत आले होते. आता ती त्यांना आपल्यासाठीच लिहिलेली वाटू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पाळकांच्या घरी गेले. खरं सांगायचं ठरवूनच गेले होते, पण दारात पोचल्यावर त्यांनी आडवळण घेतलं.

"साहेब, सहा दिवसांचा एवढा आग्रह कशाला? कीर्तनात मानूस थोडं रंगवून सांगतोच की."

मार्क हसले नाहीत. खुर्ची पुढं ओढून ते म्हणाले, "बुवा, मलाही भीती वाटते. कॉलेजात मला मित्र विचारायचे, आदाम झाला नाही तर येशू तरी कशावरून उठला? एक वीट काढली की दुसरी हलते. मी एकही काढू देत नाही, कारण मग मी कुठं थांबेन ते मला माहीत नाही."

असं काही ऐकायला मिळेल असं बुवांना वाटलंच नव्हतं. त्यांनी विचारलं, "जी लेकरं मेल्याली जल्मतात, त्यांचं काय लिहिलंय?"

"त्यांचं स्पष्ट काही लिहिलेलं नाही," मार्क म्हणाले. "देव जाणे."

उत्तर प्रामाणिक होतं आणि म्हणूनच त्यावर वाद घालायला जागा नव्हती; बुवा उठून निघाले. परत येताना उसाच्या ट्रॉल्या अंगावरून गेल्या तरी त्यांना भान नव्हतं. भिंतीतली एक वीट तर त्यांची स्वतःची होती, आणि त्यांची लेक त्याच विटेच्या आधारानं होती. जे लिहिलंय तेवढंच खरं असेल तर ती कुठंच नव्हती. भिंतीबाहेरच्या त्या खड्ड्यात होती आणि तिथंच संपली होती. बुवांना पीडांचं भय वाटत होतं, पण खरी धडकी या विचारानं भरली. एकदा त्यांना वाटलं, झुंबरबाईला सरळ सांगावं, जुन्या पुस्तकात होतं पण ते वाळवीनं खाल्लं. एका खोट्याला दुसरं जोडलं की तिची रात्र तरी सुखाची जाईल. पण ती म्हातारी वाळवी लागलेलं पुस्तकही बघायला मागेल, हे ते ओळखून होते.

शनिवारी सकाळी ते वस्तीवर गेले. झुंबरबाई शेळ्यांना पाला टाकत होती. बुवांच्या हातात पुस्तक नाही हे तिनं आधी पाहिलं.

"आणलं न्हाई?"

"बाई, त्यात न्हाई ते."

"कशात न्हाई?"

"कशातच न्हाई. ते मी रचलं हुतं."

झुंबरबाईच्या हातातली फांदी तशीच राहिली. शेळी ती ओढून खाऊ लागली. बुवा भराभर बोलत सुटले. स्वतःची लेक, टॉवेल, पंच, पूल, सगळं सांगून टाकलं. जन्मभर शब्दांवर जगलेला माणूस, पण त्या दिवशी त्यांना एक वाक्य धड जुळवता येईना.

"मंग माझी पोर कुठं हाय?" झुंबरबाईनं विचारलं.

"मला ठाव न्हाई."

"आन तुमची?"

बुवांनी मान हलवली.

ती शिव्या देईल, हाकलून देईल, छाती पिटून घेईल, या सगळ्याची तयारी करून ते आले होते. यातलं काहीच झालं नाही. ती खाली बसली आणि मातीकडं बघत राहिली. मग तिनं मान वर केली.

"दयाला ठाव हाय का, हे तुमी रचल्यालं म्हणून?"

"मी कधी सांगितलं न्हाई," बुवा म्हणाले आणि बोलता बोलताच थबकले. दया सातवी शिकलेली होती. रोज पहाटे चुलीपुढं बसून ती शास्त्र वाचायची, एक पान चुकवायची नाही. बेचाळीस वर्षांत उत्पत्तीची ती पानं तिनं किती वेळा वाचली असतील? तिला पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. आणि तरी प्रत्येक कीर्तनात बायकांच्या पुढच्या ओळीत बसून ती तो भाग ऐकत आली होती. आपण ज्या माणसापासून लपवत होतो त्यालाच सगळं माहीत होतं, हे बुवांना आता कळलं.

"तिला वाचता येतं," ते कसंबसं म्हणाले.

झुंबरबाई उठली. पदर खोचला, चपला घातल्या. "चला. तुमचं काय ऐकायचं न्हाई मला आता. तिला इचारते, ती कशी जगली ते."

दोन मैल दोघं एकामागं एक चालत आले. म्हातारी पुढं आणि बुवा मागं. घर जसजसं जवळ येत होतं तसतसे ते मागं पडत होते. इतक्या वर्षांत त्यांनी बायकोला जे विचारायचं धाडस केलं नव्हतं ते आता एक परकी बाई विचारणार होती, आणि उत्तर काय येईल याचा त्यांना काडीचाही अंदाज नव्हता.

दया ओट्यावर तूर पाखडत होती. झुंबरबाईनं नमस्कार-चमत्कार काही केला नाही. अंगणातूनच विचारलं, "दया, तुला येतंय वाचायला. मुठीचं ते शास्त्रात न्हाई, हे तुला ठाव हुतं?"

दयाच्या हातातलं सूप थांबलं. तिनं आधी नवऱ्याकडं पाहिलं. बुवांनी नजर खाली घातली.

"व्हय," ती म्हणाली.

"मंग रोज वाचतीस कशाला?"

दयानं सूप बाजूला ठेवलं.

"रोज शोधते," ती म्हणाली. "वाटतं, कुठंतरी असंल. आजून गावलं न्हाई."

झुंबरबाई पायऱ्या चढून वर गेली आणि तिच्या शेजारी बसली. "मला वाचता येत न्हाई," ती म्हणाली. "मोठ्यानं वाच. दोघी मिळून बघू."

दया पुस्तक आणायला आत गेली. बुवा अंगणातच उभे राहिले. वर जाऊन त्या दोघींजवळ बसायची त्यांची छाती होईना.